‘छान आहे’च्या पुढे काय? फाइन आर्ट फोटोग्राफीच्या डिग्रीबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात मी बोलता बोलता लिहून गेले होते की माझं कॉलेजचं शिक्षण फाइन आर्ट फोटोग्राफीत झालं, म्हणजे डिग्रीच त्यातली, आणि आता तेच शिकवते. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर पूर्ण त्यालाच दिलंय. काही प्रश्न एकसारखे होते ते एकत्र केलेत, नावं कुणाचीच छापत नाहीये.

प्रश्न : ताई, माझी शाळा यंदा संपतेय. दोन-तीन वर्षं मोबाइलवर फोटो काढत होते, आता दादाचा जुना कॅमेरा मिळालाय. एक्स्पोजर, शटर, आयएसओ सगळं व्हिडिओ बघून शिकले. मग तीन-चार वर्षं कॉलेजात जाऊन अजून शिकायचं काय उरतं? आणि साधी फोटोग्राफी आणि फाइन आर्ट फोटोग्राफी यात नेमका फरक काय?

उत्तर : कॅमेरा चालवायला चार वर्षं लागत नाहीत हे तुझं अगदी बरोबर आहे. ॲपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडं), शटर (उजेड किती वेळ आत येतो) आणि आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील) एकमेकांशी कसे बांधलेले असतात, एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड, दिवा दुप्पट लांब नेला की वस्तूवर पडणारा उजेड चौथाई होतो, हे सगळं एका सेमिस्टरमध्ये हातात बसतं, तुझं तर निम्मं आधीच बसलंय. बाकीचा वेळ जातो तो फोटो काढून झाल्यानंतरच्या कामात. काढलेल्या फोटोंकडे बघत बसायचं, त्यातला कुठला खरंच काहीतरी सांगतोय आणि कुठला नुसताच देखणा आहे हे ओळखायचं, मग परत जाऊन तेच पुन्हा काढायचं, आणि हे सगळं दहा-पंधरा जणांच्या समोर. व्हिडिओ तुला हे देऊ शकत नाही कारण व्हिडिओला तुझे फोटो दिसत नाहीत.

फरकाचं म्हणशील तर मी असं सांगते. लग्नाचे फोटो काढणारा, जाहिरातीचं काम करणारा, बातमीसाठी जाणारा, यांना काय काढायचं ते बाहेरून ठरून येतं, आणि ते काम जराही कमी दर्जाचं नाही, मी स्वतः करते. फाइन आर्टमध्ये काय काढायचं आणि का काढायचं हेच आधी तुला ठरवावं लागतं, कुणी मागितलेलं नसतं, कुणी वाट बघत नसतं. ऐकायला मोकळं वाटतं पण पहिल्या वर्षी मुलं सगळ्यात जास्त अडतात ती इथेच.

एक उदाहरण देते. १९३० मध्ये एडवर्ड वेस्टन हा अमेरिकन फोटोग्राफर ढोबळ्या मिरच्यांचे फोटो काढत होता. साधी ढोबळी मिरची. एकामागून एक निगेटिव्ह, वेगवेगळ्या मिरच्या, मागचं बॅकग्राउंड मनासारखं होईना, शेवटी त्याने एक मिरची पत्र्याच्या नरसाळ्याच्या तोंडात ठेवली, आतल्या पत्र्यावरून उजेड फिरून सगळीकडून आला आणि ती मिरची एकदम वळलेल्या शरीरासारखी, पाठीच्या स्नायूंसारखी दिसायला लागली. त्या फोटोच्या नावातच आकडा आहे, ३०. विद्यार्थ्यांना तो फोटो दाखवते तेव्हा मी त्या आकड्यावर जास्त वेळ थांबते, कारण आठव्या मिरचीला कंटाळून उठला असता तर तो फोटो झालाच नसता.

दुसरं टोक म्हणजे बर्न्ड आणि हिला बेशर, जर्मन नवरा-बायको. १९५९ पासून ते दोघं पाण्याच्या टाक्या, भट्ट्या, खाणींवरचे मनोरे असलं बांधकाम काढत राहिले, ढगाळ दिवशी, सरळ समोरून, ब्लॅक अँड व्हाइट, कित्येक दशकं तेच. एकच टाकी बघितली तर विशेष काही वाटत नाही, पण नऊ किंवा पंधरा टाक्या शेजारी शेजारी लावल्या की आपला डोळा आपोआप फरक शोधायला लागतो, अरे हिचे पाय वेगळे, हिला टोपी आहे, आणि मग कळतं की हे लोक इतकी वर्षं काय बघत होते. बर्न्ड १९७६ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीत शिकवायला लागला, तिथे आंद्रेआस गुर्स्की, थॉमस स्ट्रुथ, थॉमस रुफ, कँडिडा होफर हे त्याचे विद्यार्थी होते आणि पुढे प्रत्येकाने आपापली वेगळीच वाट धरली. माझ्या मते डिग्रीकडून अपेक्षा करावी तर हीच, की एखादी गोष्ट धरून ठेवायची सवय लागावी आणि ती धरायची कशी हे ज्याचं त्याने शोधावं.

बाकी हो, पहिल्या वर्षाला बहुतेक ठिकाणी फाउंडेशन असतं, त्यात ड्रॉइंग, रंग, मातीकाम, कलेचा इतिहास सगळं येतं आणि फोटोग्राफीला आलेली मुलं वैतागतात की आम्ही पेन्सिल का धरायची. धर. ड्रॉइंग करताना एका खुर्चीकडे दोन तास बघावं लागतं आणि इतकं बघणं कॅमेरा आपल्याकडून कधीच करून घेत नाही.

प्रश्न : कोणता कॅमेरा घेऊ? फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, हवाच का?

उत्तर : नको. मॅन्युअल मोड असलेला आणि रॉ फाइल (कॅमेऱ्याने हात न लावलेली मूळ फाइल) देणारा कुठलाही जुना कॅमेरा आणि एकच फिक्स, म्हणजे झूम नसलेली लेन्स, ३५ किंवा ५० एमएमची. पहिलं वर्ष यावर निघतं. मोठे कॅमेरे, लाइट, ट्रायपॉड डिपार्टमेंटमधून वापरायला मिळतात, प्रवेश घ्यायच्या आधी तेवढं विचारून घे की काय काय मिळतं आणि किती दिवस घरी नेता येतं.

प्रश्न : ताई, मी दुसऱ्या वर्षाला आहे. प्रत्येक क्रिटमध्ये माझ्या कामाला ‘छान आहे, पण का?’ एवढंच ऐकायला मिळतं. मागच्या वेळी तर सरांनी बावीसपैकी वीस प्रिंट भिंतीवरून काढून ठेवल्या. घरी येऊन दोन दिवस कॅमेरा बघवत नव्हता. माझ्यात ते नाहीये असं वाटायला लागलंय, सोडून देऊ का?

उत्तर : तुझं पत्र मी तीनदा वाचलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी सांगते, क्रिट म्हणजे आपले प्रिंट भिंतीला लावायचे, सगळा वर्ग समोर उभा राहतो, आणि त्या फोटोंबद्दल बोललं जातं, बऱ्याच ठिकाणी तर फोटो काढणाऱ्याने सुरुवातीला तोंड उघडायचं नसतं. या सगळ्या शिक्षणातला मला सगळ्यात मौल्यवान वाटणारा भाग हाच आहे आणि सगळ्यात जास्त दुखापतही यातच होते, दोन्ही खरं आहे.

माझं सांगते. माझ्या पहिल्या मोठ्या क्रिटला मी धुक्यातल्या झाडांचे चौदा फोटो लावले होते, पहाटे उठून काढलेले, मला ते फार म्हणजे फारच आवडत होते. वर्ग बराच वेळ गप्प राहिला, मग एक मैत्रीण म्हणाली की हे सगळे मी आधी कुठेतरी बघितलेत. मला इतकं लागलं. पण मग मॅडमनी एका कोपऱ्यातल्या प्रिंटकडे बोट दाखवलं, ज्यात चुकून माझ्या सायकलचं हँडल आलं होतं, आणि विचारलं, ही सायकल कुणाची? पुढचं वर्षभर मी सायकलचंच काम केलं, म्हणजे पहाटे घराबाहेर पडणाऱ्या मुलीचं. ते हँडल मी कापून टाकणार होते, आदल्या रात्री वेळ मिळाला नाही म्हणून राहिलं.

तेव्हा सरांनी वीस प्रिंट काढले, ठीक आहे, पण भिंतीवर राहिलेल्या दोन कोणत्या हे तू पत्रात लिहिलंच नाहीस. मला तेच वाचायचं होतं. त्या दोन शेजारी शेजारी लाव, चार दिवस येता जाता बघ, त्यात सारखं काय आहे ते लिही, उजेड असेल, अंतर असेल, एखादी वस्तू असेल. ‘पण का?’ या प्रश्नाला घाबरू नकोस, त्याचं उत्तर मोठ्या तत्त्वज्ञानात द्यायचं नसतं. ‘कारण आजी गेल्यापासून त्या खोलीत कुणी बसत नाही’, एवढं पुरतं. वर्गात जड शब्द वापरणाऱ्या मुलांचं काम जास्त खोल असतं असं मी इतक्या वर्षांत बघितलेलं नाही.

आणि ‘माझ्यात ते नाही’ याबद्दल. अमेरिकन फोटोग्राफर सिंडी शर्मन कॉलेजात होती तेव्हा फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या कोर्सला पहिल्यांदा नापास झाली होती, प्रिंटिंगची तांत्रिक बाजू जमत नव्हती म्हणून. पुढच्या वेळी शिकवणाऱ्या बाई वेगळ्या होत्या, त्यांनी आधी कल्पनेकडे लक्ष द्यायला लावलं, आणि १९७६ ला कॉलेज संपवून पुढच्याच वर्षी तिने स्वतःलाच वेगवेगळ्या सिनेमातल्या नट्यांसारखं सजवून ते फोटो काढायला सुरुवात केली ज्यांच्याशिवाय आज फोटोग्राफीचा इतिहास शिकवताच येत नाही. फ्रान्सेस्का वुडमन या दुसऱ्या अमेरिकन फोटोग्राफरचं तर याहून पुढचं आहे, तिचे आज म्युझियममध्ये असलेले कितीतरी फोटो विद्यार्थिनी असतानाचे आहेत, १९७५ ते ७८ मधले, पडक्या घरात, भिंतीच्या सोललेल्या कागदामागे, शटर उघडं ठेवून स्वतः हलायची म्हणून शरीर धुरासारखं आलेलं. त्यातले काही चक्क वर्गात दिलेल्या असाइनमेंटमधून आलेत. असाइनमेंटला उरकायची गोष्ट समजू नकोस म्हणून हे सांगतेय. वुडमन बावीसाव्या वर्षी गेली, आणि ते फोटो अजून प्रत्येक बॅचमध्ये कुणाला तरी हलवून सोडतात.

एक मात्र वेगळं करून बघ. फोटोबद्दलचं कठोर बोलणं आणि तुझ्याबद्दलचं कठोर बोलणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ‘या प्रिंटमध्ये काही घडत नाही’ हे ऐकून घ्यायला शिकावं लागतं. ‘तुला जमणार नाही’ असं कुणी भर वर्गात म्हणत असेल तर ते शिकवणं नव्हे, त्याबद्दल विभागप्रमुखांशी बोल, एकटी जाऊ नकोस, मैत्रिणीला घेऊन जा. तुझ्या पत्रावरून तरी पहिला प्रकार वाटतोय. एवढ्यात सोडू नकोस.

प्रश्न : प्रवेशासाठी पोर्टफोलिओ मागितलाय, पंधरा ते वीस फोटो. माझ्याकडे सूर्यास्त, पक्षी, मॅक्रो, स्ट्रीट, पोर्ट्रेट सगळं आहे. प्रत्येकातले बेस्ट तीन टाकू का?

उत्तर : सगळेच असं करतात, म्हणून निवड करणाऱ्यांना दिवसभर तेच बघावं लागतं. मी या निवडीला बसलेय, तुला समोरून कसं दिसतं ते सांगते. प्रत्येक प्रकारातले तीन टाकलेस तर एवढंच कळतं की तुझ्याकडे कॅमेरा आहे आणि हात बरा आहे. आठ-दहा फोटो एकाच गोष्टीचे टाक, तुझ्या घराचा जिना, बहिणीची खोली, बसची वाट बघणारी माणसं, काहीही, पण अशी गोष्ट जिच्याकडे तू पुन्हा पुन्हा गेलायस हे दिसलं पाहिजे. उरलेल्यात चार-पाच सुटे चालतील. ड्रॉइंगची वही असेल, कोलाज असेल, मोबाइलवरचे खराब क्वालिटीचे पण तुझ्या मनाजवळचे फोटो असतील तर तेही दाखव, फिल्टर मारून एकसारखे करत बसू नकोस. वीस म्हटलंय म्हणून वीस भरायचेच असंही नाही, पंधरा पक्के असतील तर पंधरावर थांब, कारण बघणाऱ्याच्या लक्षात सगळ्यात कच्चा फोटो राहतो.

मुलाखतीत हमखास विचारतात की कुणाचं काम आवडतं. प्रसिद्ध नाव सांगितलंच पाहिजे असं नाही, पण ज्याचं सांगशील त्याचा एक फोटो डोळे मिटून वर्णन करता आला पाहिजे, उजेड कुठून येतो, माणूस कुठे उभा आहे, कडेला काय कापलं गेलंय. हे आजपासून करायला लाग, पैसे लागत नाहीत.

प्रश्न : आमच्या अभ्यासक्रमात अजूनही पहिले दोन सेमिस्टर डार्करूम कम्पल्सरी आहे. फिल्म, केमिकल, अंधार. सगळं जग डिजिटल झालंय, हा वेळ वाया घालवणं नाही का?

उत्तर : मला डार्करूमबद्दल इतकं प्रेम आहे की थोडं जास्त बोलेन, सांभाळून घे.

आधी त्यात होतं काय ते बघ. फिल्मवर किंवा कागदावर चांदीचे क्षार असतात, ज्यांच्यावर उजेड पडलाय ते डेव्हलपरमध्ये काळ्या चांदीत बदलतात, मग स्टॉप बाथमध्ये ती क्रिया थांबवायची, आणि फिक्सरमध्ये उजेड न पडलेले क्षार विरघळवून काढायचे म्हणजे पुढे फोटो काळा पडत नाही. फिक्सरमधलं जे मुख्य रसायन, ज्याला जुने लोक हायपो म्हणतात, ते चांदीचे क्षार विरघळवतं हे जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने शोधलं, आणि १८४२ मध्ये निळ्या रंगाचे प्रिंट देणारी सायनोटाइप ही पद्धतही त्यानेच काढली. पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्सने समुद्री शेवाळं थेट सायनोटाइपच्या कागदावर ठेवून उन्हात प्रिंट काढल्या आणि त्यांचं पुस्तक करायला घेतलं, कॅमेरा अजिबात न वापरता. तुझ्या डिपार्टमेंटमध्ये सायनोटाइप असेल तर पहिल्यांदा तेच कर, ऊन, पाणी आणि दोन लोहक्षार एवढ्यावर होतं आणि पाण्यात धुताना निळा वर येतो तो क्षण कुणीच विसरत नाही.

आता उपयोग काय. स्क्रीनवर एक फोटो बरा करायला आपण स्लायडर ओढतो आणि तीन सेकंदात पुढे जातो. डार्करूममध्ये आधी टेस्ट स्ट्रिप, म्हणजे वेगवेगळा वेळ उजेड दिलेली कागदाची पट्टी काढायची, पाच सेकंद, दहा, पंधरा, वीस, ती लाल दिव्यात बघायची, लाल यासाठी की ब्लॅक अँड व्हाइट कागदाला लाल उजेड जवळपास कळतच नाही, मग ठरवायचं की चेहऱ्याला बारा सेकंद पण आकाशाला अजून आठ हवेत, मग हाताने सावली धरून एक भाग जास्त उजेडापासून वाचवायचा आणि दुसरा ‘जाळायचा’, म्हणजे जास्त उजेड देऊन गडद करायचा, डॉज आणि बर्न म्हणतात ते हेच, तुझ्या सॉफ्टवेअरमधली ती नावं इथूनच आलीत. एका चांगल्या प्रिंटला अख्खी दुपार जाते. त्या दुपारभर तू एकाच फोटोकडे बघत असतोस, त्याच्या प्रत्येक कोपऱ्याचा निर्णय घेत असतोस. इतक्या सावकाश फोटो बघायला दुसरीकडे कुठे शिकवतात मला माहीत नाही.

ॲन्सेल ॲडम्स या अमेरिकन फोटोग्राफरने न्यू मेक्सिकोत एका गावावर उगवलेल्या चंद्राचा फोटो १९४१ मध्ये काढला, आणि पुढची कित्येक वर्षं तो त्याच एका निगेटिव्हच्या प्रिंट काढत राहिला, हजाराहून जास्त. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात राखाडी ढग दिसतात, नंतर नंतर त्याने आकाश गडद करत करत जवळपास काळं केलं. निगेटिव्ह तीच, माणूसही तोच, पण फोटो बदलत गेला. झोन सिस्टिम, म्हणजे फोटोतल्या उजेड-काळोखाच्या पायऱ्या ठरवायची पद्धत, तू शिकशीलच, पूर्ण काळ्यापासून पूर्ण पांढऱ्यापर्यंत ० ते १० असे अकरा झोन, ती त्याने आणि फ्रेड आर्चरने शिकवता शिकवताच बसवली, आणि पुढे डिजिटलला आल्यावर हिस्टोग्राम (फोटोत किती काळं, किती पांढरं ते दाखवणारा आलेख) बघशील तेव्हा ती आठवेल.

ज्यांच्या कॉलेजात डार्करूम नाही त्यांनी मन खट्टू करू नये. नीट कॅलिब्रेट केलेला मॉनिटर, चांगला इंकजेट आणि कॉटनचा कागद यावर हाच सावकाशपणा शिकता येतो, फक्त अट एक की प्रिंट काढायची. स्क्रीनवरच राहिलेला फोटो अर्धा शिकवतो. आणि केमिकल हाताळताना ग्लोव्ह घाला, एक्झॉस्ट फॅन चालू आहे ना ते बघा, यात हयगय नको.

प्रश्न : नमस्कार मॅडम, माझ्या मुलाने हा कोर्स करायचा हट्ट धरलाय. आमचा विरोध नाही पण पुढे तो जगणार कसा, हे कुणी स्पष्ट सांगत नाही. तुम्ही सांगाल का?

उत्तर : सांगते, आणि तुम्ही विचारलंत हे बरं केलंत, मुलाशीही याच सुरात बोला.

फक्त गॅलरीत प्रिंट विकून जगणारे फार थोडे असतात आणि त्यांनाही तिथे पोचायला बरीच वर्षं लागतात. प्रिंट विकतात त्या एडिशनमध्ये, म्हणजे एका फोटोच्या समजा पाचच प्रती आणि वर एक-दोन कलाकाराच्या, नंतर त्या मापात छापायच्या नाहीत असा शब्द. पदवी मिळाली की लगेच हे सुरू होतं असं त्याने समजू नये. माझ्या बरोबरची मंडळी काय करतात ते सांगते, एक जण म्युझियममध्ये जुन्या फोटोंचं डिजिटायझेशन करतो, एक पुस्तकं डिझाइन करते, दोघं मासिकांसाठी फोटो काढतात, एक फोटो एडिटर आहे, एकीने दुसऱ्या कलाकारांच्या प्रिंट काढून देणारी लॅब टाकलीय, तिघं शिकवतात आणि त्यासाठी बहुतेक ठिकाणी पुढची मास्टर्स लागते. जवळपास सगळ्यांचं स्वतःचं काम बाजूला चालू आहे, कुणाचं जोरात, कुणाचं हळू. दोघांनी फोटोग्राफी पूर्ण सोडली आणि ती दोघंही मजेत आहेत.

म्हणजे एकच ठरलेली नोकरी या डिग्रीच्या टोकाला नाही. दोन-तीन प्रकारची कामं एकत्र जोडून जगणं होतं आणि महिन्या-महिन्याचं उत्पन्न वरखाली होतं, ते त्याला सोसणार का हे त्याच्याशी बोला. कॉलेजात असतानाच प्रिंटिंग, फाइल सांभाळणं, लाइटिंग, थोडा व्हिडिओ, करार वाचणं, बिल लिहिणं एवढं त्याने पक्कं करावं असं मी म्हणेन, शेवटच्या तीन गोष्टी बऱ्याच कॉलेजांत नीट शिकवल्या जात नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं. कर्ज किती काढावं लागेल ते मात्र आधी कागदावर मांडा, मोठं कर्ज डोक्यावर असलं की मुलं पहिली पाच वर्षं स्वतःचं काम करूच शकत नाहीत.

प्रश्न : रस्त्यावरच्या माणसांचे, विशेषतः गरीब लोकांचे फोटो माझ्या प्रोजेक्टमध्ये आहेत. ते पॉवरफुल आहेत असं सगळे म्हणतात पण मला आतून कुठेतरी टोचतं.

उत्तर : टोचतंय ते ऐक. डोरोथिया लँग या अमेरिकन फोटोग्राफरने १९३६ मध्ये काढलेला स्थलांतरित आईचा फोटो तू नक्की बघितला असशील, गालाला हात लावलेली बाई, दोन्ही खांद्यांवर तोंड लपवलेली मुलं. लँगने तिथे थोडा वेळ घालवला, मोजक्याच फ्रेम काढल्या, बाईचं नाव विचारलं नाही. फोटो जगभर गेला आणि त्या बाईचं नाव, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन, लोकांना कळलं ते १९७८ मध्ये. फोटोने त्या वेळी मदत मिळवून दिली हेही खरं, तो मोठा फोटो आहे हेही खरं, आणि जिचा चेहरा सगळ्यांना पाठ झाला तिला स्वतःला त्याचा एक पैसाही मिळाला नाही ही तिची तक्रार, तीही तितकीच खरी.

माझ्या विद्यार्थ्यांना मी तीन गोष्टी करायला लावते. नाव विचारा. प्रिंट काढून परत जाऊन त्या माणसाच्या हातात द्या. आणि भिंतीवर लावायच्या आधी स्वतःला विचारा की ते आत्ता दारातून आत आले तर मी हा प्रिंट तसाच राहू देईन का. निम्म्या मुलांचं प्रोजेक्ट दुसऱ्या पायरीलाच बदलतं, कारण प्रिंट द्यायला गेलं की चहा-पाणी, गप्पा होतात आणि मग नुसता चेहरा काढावासा वाटत नाही. तुझंही बदललं तर बदलू दे.

प्रश्न : एआय आता कुठलाही फोटो बनवून देतं, मग?

उत्तर : २०२३ मध्ये बोरिस एल्डागसेन या जर्मन कलाकाराला एका मोठ्या आंतरराष्ट्रीय फोटो स्पर्धेत बक्षीस मिळालं आणि त्याने ते नाकारलं, कारण चित्र एआयने बनवलेलं होतं आणि एआयचं चित्र व फोटो या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हेच त्याला दाखवायचं होतं. मलाही त्या वेगळ्याच वाटतात. फोटो काढायला तुला त्या जागी, त्या वेळी असावं लागतं. वर सांगितलेलं ते सायकलचं हँडल एआयला दिलेल्या कुठल्या प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे सूचनेत, मी लिहिलं नसतं.

प्रश्न : शेवटचं वर्ष, डिग्री शो, म्हणजे आमचं शेवटचं प्रदर्शन, दोन महिन्यांवर. माझ्याकडे सव्वातीनशे फोटो आहेत आणि भिंत फक्त बारा फुटांची. कसं निवडू?

उत्तर : रॉबर्ट फ्रँक या फोटोग्राफरने १९५५-५६ मध्ये अमेरिकाभर गाडीने फिरून साधारण अठ्ठावीस हजार फोटो काढले. त्यातल्या हजारएक वर्क प्रिंट (निवडीसाठीच्या कच्च्या प्रिंट) काढल्या, भिंतीला टोचल्या, जमिनीवर पसरल्या, महिनोनमहिने हलवत बसला, आणि पुस्तकात घेतले ८३. तेव्हा तुझं प्रमाण बरं आहे!

सगळे सव्वातीनशे पोस्टकार्डाच्या आकारात स्वस्तात छापून आण. स्क्रीनवर निवडायचं नाही, तिथे एका वेळी एकच दिसतो. मोठ्या जमिनीवर पसर आणि पहिल्या दिवशी काहीच काढू नकोस, फक्त बघ. दुसऱ्या दिवशी जे तुला आठवत नाहीत ते उचल. मग जे दोन फोटो एकच गोष्ट सांगतात त्यातला एक ठेव, आणि इथे मन घट्ट कर, कारण नेमका जो काढायला जास्त कष्ट पडले तोच ठेवावासा वाटतो, पण बघणाऱ्याला तुझे कष्ट दिसत नाहीत. तीसच्या आसपास आलीस की अशा मैत्रिणीला बोलव जिने यातला एकही बघितलेला नाही, तिला ओळीने लावायला सांग, तू बोलू नकोस, ती कुठे थांबते ते बघ.

मग क्रम. शेजारचा फोटो बदलला की फोटो बदलतो, रिकाम्या खाटेशेजारी खिडकी लावली तर एक अर्थ, माणूस लावला तर दुसरा. भारतीय फोटोग्राफर दयानिता सिंग तर याच गोष्टीवर वर्षानुवर्षं काम करतायत, फोटो भिंतीवर एकदाच ठोकून ठेवण्यापेक्षा त्यांनी घड्या उलगडणारी पुस्तकं आणि हलवता येणाऱ्या लाकडी चौकटी केल्या म्हणजे क्रम पुन्हा पुन्हा बदलता येतो, २०२२ चा फोटोग्राफीचा हॅसलब्लाड पुरस्कार त्यांना मिळाला. भिंत बारा फुटांचीच आहे तर तुलाही वाटल्यास सात फोटो भिंतीवर आणि बाकीचे छोट्या हाताने शिवलेल्या पुस्तकात असं करता येईल, खाली एक स्टूल ठेव म्हणजे लोक बसून बघतील. सगळे फोटो एकाच मापात छापायचा आग्रह धरू नकोस, एखादा तळहाताएवढा ठेवलास तर लोक जवळ येतात.

स्टेटमेंट, म्हणजे कामाबद्दल फोटोंसोबत लावायचा मजकूर, शेवटी लिही, दीडशे शब्दांत, आणि घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखव, जिथे ते अडखळतील तिथलं वाक्य काढून टाक. खिळे, लेव्हल आणि पेन्सिल स्वतःची ने, लावायच्या दिवशी ती कधीच सापडत नाहीत. फोटोचा मध्य साधारण डोळ्याच्या उंचीला, जमिनीपासून दीड मीटरच्या आसपास. आणि न घेतलेले तीनशे पोस्टकार्ड डब्यात घालून वर तारीख टाकून ठेव, माझा तसा एक डबा आहे, गेल्याच महिन्यात त्यातला एक फोटो काढून मी नवीन काम सुरू केलंय.